पोरं आठ-नऊ वर्षांची आणि सगळ्यांचं लक्ष कपावर : इंदूरातलं लहान मुलांचं फुटबॉल कोचिंग

राजेंद्रनगरी

मंडळी, इंदूरात सध्या लहान मुलांच्या फुटबॉलला चांगले दिवस आलेत. बायपासला जा, निपानियाला जा, विजयनगरला जा, टर्फ दिसणारच, प्रत्येक टर्फवर एक अकॅडमी आणि प्रत्येक अकॅडमीची अंडर-8, अंडर-10 ची टूर्नामेंट. सी. के. नायडूंच्या आणि होळकर टीमच्या या शहरात पोरं पायाने बॉल खेळायला लागलीत याचा मला मनापासून आनंद आहे. मी स्वतः बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी कॉलनीतल्या पोरांना शिकवतो, फी घेत नाही, अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनचा कोचिंगचा डी लायसन्स कोर्स केलेला आहे. पण टूर्नामेंटमध्ये जे चाललंय ते बघून राहवत नाही म्हणून हा धागा काढतोय.

मागच्या महिन्यात एका अंडर-9 टूर्नामेंटला गेलो होतो, नाव घेत नाही. एका टीमकडे मुलं दहा, मैदानात सात. सगळ्यात उंच मुलगा मागे उभा, त्याला काम एकच, बॉल आला की जोरात पुढे उडवायचा. पुढे एक जोरात पळणारा. मधले चार जण नुसते इकडून तिकडे धावताहेत. आणि बाहेरून पूर्ण वेळ एकच ओरडा, "लंबा मार! लंबा मार!" कोचसरांचाही तोच आणि पापा लोकांचाही तोच. ती टीम जिंकली, जिंकणारच, कारण नऊ वर्षांचा गोलकीपर सव्वाचार फुटाचा असतो, उंचावरून आलेला बॉल त्याच्या डोक्यावरून जातो. बाहेर तीन मुलं बसली होती, पिवळी बिब म्हणजे बदली खेळाडूंची बंडी घातलेली. त्यातला एक शीनगार्ड नीट करायचा, मोजे वर ओढायचा, बुटाची लेस सोडून परत बांधायचा, कोचकडे बघायचा, की परत मोजे. सेमीफायनल झाली, फायनल झाली, त्याला आत घेतलंच नाही. मग मेडल त्याच्याही गळ्यात घातलं आणि सगळ्यांबरोबर फोटो काढला.

आता मला सांगा, त्या दिवशी कोण काय शिकलं? बेंचवरचे तिघं काही नाही. मधले चौघं बॉलच्या मागे पळायला शिकले. पळणारा पळतच होता आधीपासून. आणि तो उंच मुलगा, ज्याच्या जिवावर कप आला, त्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं असं मी म्हणेन, कारण बॉल थांबवायचा, मान वर करून बघायचं, कोणाला द्यायचा ते ठरवायचं, हे करायची वेळच त्याच्यावर येत नाही, त्याची ताकद पुरते. तेरा-चौदाव्या वर्षी बाकीचे पोरं उंचीला त्याच्या बरोबरीला येतात आणि मग याच्याकडे दुसरं काहीच नसतं. आणि मग तोच कोच म्हणतो याच्यात दम नव्हता.

साधा हिशेब करा. दोन्हीकडे सात-सात म्हणजे चौदा मुलं, बॉल एक, वीस मिनिटं. बॉल सगळ्यांना अगदी सारखा मिळाला तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटसुद्धा येत नाही, आणि त्यातून बॉल बाहेर गेला, थ्रो, गोल किक, किक-ऑफ हे सगळं वजा करायचंय. तेच तीन विरुद्ध तीन खेळवलं तर तीन मिनिटांच्या वर जातं. शिवाय तिघांत लपायला जागा नसते, बॉल येतोच.

माझं म्हणणं असं की दहा-अकरा वर्षांपर्यंत टीम जिंकवायच्या मागे लागूच नये. प्रत्येक मुलाला सारखा वेळ, प्रत्येक जागी खेळायची पाळी, गोलकीपर आळीपाळीने, आणि सरावात प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा बॉल. तुम्ही लोक काय करता, तुमच्या शहरात काय चालतं, लिहा.

सुदामानगर

भाऊ, तळमळीने लिहिलंय ते दिसतंय, पण मला अर्धं पटलं, अर्धं नाही.

माझा मुलगा साडेआठचा. हरून आला की रात्री जेवत नाही. त्याला आम्ही कोणी सांगितलेलं नाही की जिंकूनच ये, ते त्याच्या आतच आहे. तुम्ही स्कोअर ठेवू नका म्हणाल, पोरं स्वतः मोजतात, गल्लीत पण मोजतात. मग हरण्या-जिंकण्याची सवय लहानपणापासून झालेली काय वाईट? पुढे दहावी-बारावीत आणि कोटा शहरातल्या कोचिंग क्लासात काय होतं ते बघतोच आपण.

आणि दुसरं म्हणजे सिलेक्शन. शाळेची टीम, मग जिल्हा, मग शाळांचा देशपातळीवरचा सुब्रोतो कप. तिथे कोणी विचारत नाही की तुमचा मुलगा डाव्या पायाने किती छान वळतो. अकॅडमीची फी भरणारा बाप रिझल्ट विचारणारच, त्यात त्याचं काय चुकलं? कोचने कप आणला नाही तर पुढच्या महिन्यात पोरं दुसऱ्या टर्फवर जातात, ही पण खरी गोष्ट आहे.

राजेंद्रनगरी

स्कोअर ठेवू नका असं मी म्हणतच नाहीये दादा. पोरांनी मोजावं, भांडावं, रडावं, गोल झाला की शर्ट फिरवत पळावं. माझ्याकडे पण रविवारी हेच चालतं, तिथे कोणी कमी हट्टी नाही. मुलाची जिंकायची इच्छा वेगळी आणि मोठ्यांनी जिंकण्यासाठी घेतलेले निर्णय वेगळे. मुलगा जिंकायला बघतो तेव्हा तो ड्रिबल करतो, पाय घालतो, परत उठतो, त्यातून तो शिकतोच. कोच जिंकायला बघतो तेव्हा तो तिघांना बेंचवर बसवतो. तुमच्या मुलाला रात्री जेवण जात नाही ते ठीक, सकाळी तो बॉल घेऊन खाली गेला की झालं. पण तो त्या पिवळ्या बिबवाल्यांत असता तर?

रावपुरा_बडोदा

बडोद्याहून. मी इथे शाळेत पी.टी. शिकवते, फुटबॉल आणि खो-खो दोन्ही माझ्याकडे. आमच्याकडेही अगदी हेच आहे, पोलो मैदानावर सकाळी चक्कर मारली तरी कळतं.

राजेंद्रनगरींनी जो हिशेब मांडला तो इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष मोजलेला आहे. मँचेस्टर युनायटेडने 2002-03 च्या सुमारास अंडर-9 साठी आठ-आठच्या मॅचेसऐवजी चार-चारच्या मॅचेस करून बघितल्या आणि मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दोन्हींची तुलना केली. चार-चारमध्ये पास 135 टक्के जास्त, गोलवर मारलेले शॉट 260 टक्के जास्त, एकास एक गाठ पडण्याचे प्रसंग 225 टक्के जास्त. मुलं तीच, क्लब तोच, फक्त मैदान आणि माणसं कमी केली.

आणि त्यानंतर 2012 मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने लहान मुलांचा पूर्ण ढाचाच बदलायचं ठरवलं. अंडर-7 आणि 8 पाच-पाच, अंडर-9 आणि 10 सात-सात, अंडर-11 आणि 12 नऊ-नऊ, आणि अकरा-अकरा तेराव्या वर्षापासून. गोलसुद्धा लहान, पाच-पाच आणि सात-सातसाठी 12 फूट रुंद आणि 6 फूट उंच. मोठ्यांचा गोल 24 फूट बाय 8 फूट असतो, आणि मी माझ्या डोळ्यांनी दहा वर्षांच्या मुलीला त्या गोलमध्ये उभी केलेली बघितली आहे. ती काय अडवणार बिचारी?

सुदामानगर भाऊंच्या सिलेक्शनच्या मुद्द्यावर एक सांगते. वयोगटाची तारीख 1 जानेवारी धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. आठव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं मोठं अंतर, हाताची पकड, पळणं, समज सगळंच. मग निवड करताना कोच जो मोठा दिसतो तो घेतो, त्यालाच जास्त मॅचेस, त्यालाच चांगला सराव, आणि दोन वर्षांनी तो खरंच पुढे असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं निवड बरोबर होती. जगभरातल्या अकॅडम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटच्या तिमाहीतली कमी सापडतात, हे कितीतरी देशांत मोजून झालंय. मी माझ्या शाळेच्या टीमच्या जन्मतारखा एकदा रजिस्टरमधून काढून बघितल्या, तुम्ही पण आपापल्या टीमच्या बघा. पुढे जगभर गाजलेल्या क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला लहानपणी बारीक म्हणून हायडुक स्प्लिट क्लबने घेतलं नव्हतं, फ्रान्सच्या ग्रीझमानला उंचीवरून फ्रान्समधल्या क्लबांनी परत पाठवलं आणि तो स्पेनला रिआल सोसिएदादमध्ये जाऊन घडला. ती दोघं टिकली. जी टिकली नाहीत त्यांची नावं कुठून कळणार आपल्याला?

आई_लोकमान्यनगर

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही पण प्रश्न विचारायचाय. माझी मुलगी नऊ वर्षांची, बॅचमध्ये सोळा मुलगे आणि ही एकटी, आता दुसरी एक आलीये. हिला आवडतं, उन्हातान्हात जाते, पण मॅच लागली की मुलं हिला पासच देत नाहीत. ती मोकळी उभी असते, हात वर करते, "इधर दे ना" म्हणते, आणि बॉल तिसरीकडेच जातो. कोचला सांगितलं तर म्हणाले मॅडम मॅचमध्ये मी काय करणार, पोरं जिंकायच्या नादात असतात. घरी येऊन बोलत नाही काही, पण परवा विचारत होती की मी बॅडमिंटनला जाऊ का. काय करावं?

लष्कर_ग्वाल्हेर

लोकमान्यनगर ताई, बॅडमिंटन चांगलंच आहे पण ती यामुळे जात असेल तर जाऊ देऊ नका.

मी हॉकीवाली आहे, ग्वाल्हेरची. आमच्या इथे ध्यानचंदांचे भाऊ कॅप्टन रूपसिंहांचं नाव लहान मुलांनाही माहीत असतं आणि मुलींची राज्य हॉकी अकॅडमी 2006 पासून इथे आहे, त्यामुळे मुलींना मैदानात बघायची सवय आहे लोकांना. तुमच्या फुटबॉलवाल्यांना एक गंमत सांगते. हे जे तीन-तीनचं चार छोट्या गोलांचं फुटबॉल आहे ना, फुनिनो म्हणतात त्याला, ते बसवणारा माणूस मुळात हॉकीचा. होर्स्ट वाइन, जर्मन. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकच्या फायनलला आपण स्पेनला 4-3 ने हरवून सोनं घेतलं, तेव्हा स्पेनचा कोच हाच होता. पुढे तो फुटबॉलकडे वळला आणि लहान मुलांना मोठ्यांचा खेळ जसाच्या तसा खेळवू नका, मुलांच्या मापाचा खेळ द्या, हे आयुष्यभर सांगत फिरला.

फुनिनोत प्रत्येक टीमला दोन गोल वाचवायचे आणि दोनवर मारायचे, गोलकीपर नाही, आणि गोलच्या समोर काही मीटरची पट्टी आखलेली असते, त्या पट्टीत आल्यावरच मारलेला गोल धरतात. म्हणजे लांबून उडवून काही उपयोग नाही! दोन गोल असल्यामुळे एका बाजूला गर्दी झाली की पोरगी आपोआप मान वर करून दुसरीकडे बघते. हे तुम्ही तोंडाने शंभर वेळा "ऊपर देख" सांगून होत नाही. आम्ही हॉकीच्या लहान मुलींना हेच खेळवतो, स्टिक घेऊन.

आणि ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे. तिघींच्या टीममध्ये एकीला पास न देता खेळताच येत नाही.

राजेंद्रनगरी

ग्वाल्हेर ताईंनी माझं काम सोपं केलं. लोकमान्यनगर ताई, कोच "मी काय करणार" म्हणाले ते मला अजिबात पटलेलं नाही, सगळं कोचच्याच हातात असतं. माझ्याकडे चार मुली आहेत. मी सुरुवातीचे काही मिनिटं असा नियम लावतो की टीममधल्या प्रत्येकाचा पाय बॉलला लागल्याशिवाय गोल धरणार नाही. पहिले पाच मिनिटं पोरं कुरकुरतात, "सर ये क्या रूल है", मग ओरडून ओरडून एकमेकांना बॉल मागायला लागतात. नंतर नियम काढला तरी सवय थोडी राहते. थोडी, पूर्ण नाही, म्हणून परत लावायचा. इंग्लंडात मुलं-मुली अठराव्या वर्षापर्यंत एकत्र खेळू शकतात, आणि आपल्या फेडरेशनने 2018 मध्ये ज्या गोल्डन बेबी लीग काढल्या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्यातही मुलं-मुली एकत्रच. म्हणजे ही काही कोणी उपकार म्हणून द्यायची जागा नाही.

सराव कसा घेतो ते कोणीतरी विचारेलच म्हणून लिहितो. रांग अजिबात लावत नाही. एक कोन, मागे दहा पोरं, एक जण जाऊन येतो आणि नऊ जण एकमेकांना ढकलतात, हे दृश्य कुठेही दिसलं तर समजून घ्या की वेळ वाया चाललाय. मी विषामृत घेतो. सगळ्यांना बॉल, दोघं विष. विषाने तुमचा बॉल चौकोनाबाहेर घालवला की तुम्ही बॉल डोक्यावर धरून पाय फाकवून उभं राहायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याचा बॉल तुमच्या पायांमधून घातला की अमृत, तुम्ही सुटलात. यात काय नाहीये! बॉल जवळ ठेवणं आहे, पाठ लावून बॉल झाकणं आहे, मित्र कुठे अडकलाय ते बघणं आहे, आणि अचूक पास आहे, तोही छोट्या जागेतून. एक मुलगा आहे, तब्येतीने जाड, पळण्यात सगळ्यांच्या मागे, पण बॉल झाकण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, विष आलं की तो फक्त वळतो, परत वळतो, तळव्याने बॉल मागे ओढतो आणि विष थकून दुसऱ्याकडे जातं. हा मुलगा "लंबा मार" वाल्या टीममध्ये कधी दिसलाच नसता कोणाला.

मग एकास एक, मग तीन-तीन. शेवटचा अर्धा तास मी बोलत नाही. पोरं विचारतात "सर क्या करूँ", मी म्हणतो तूच बघ.

महूकर

सगळं वाचलं. मी महूचा, वय साठीच्या पुढे, मिलिटरी टीम्सच्या मॅचेस बघत मोठा झालो, स्वतः नेहरू स्टेडियमवर आणि चिमणबागेत बरंच खेळलोय. आमच्या वेळेला कोच नव्हताच लहानपणी. बरॅकच्या मागे विटांचे गोल, चार पोरं आली तर दोन-दोन, दहा आली तर पाच-पाच, मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ एकाच खेळात. टीम एकतर्फी व्हायला लागली की आम्हीच थांबवून अदलाबदल करायचो, कारण एकतर्फीत मजा कोणालाच येत नाही. ही अक्कल पोरांना असते. आता गल्लीत जागा नाही म्हणून टर्फवर नेतो आपण त्यांना, तर निदान ही गल्लीची रीत तरी टर्फवर न्यावी.

दोन गोष्टी जोडतो. एक, हेडिंग. लहान पोरांना डोक्याने बॉल मारायला लावू नका. अमेरिकेत 2015 मध्येच ठरलं की दहा वर्षांपर्यंतच्यांना हेडिंग नाही, सरावातही नाही आणि मॅचमध्येही नाही. इंग्लंड-स्कॉटलंडने 2020 मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांचं सरावातलं हेडिंग बंद केलं. आणि उंच बॉल उडवण्याचा खेळ म्हटला की हेडिंग येणारच, म्हणून हे "लंबा मार" दुहेरी वाईट.

दोन, वय. जिथे अंडर-10 च्या कपाला एवढी किंमत येते तिथे बारा वर्षांचा मुलगा दहाचा दाखवला जातो. फेडरेशनला मोठ्या वयोगटात हाडांची टेस्ट लावावी लागते ती उगाच नाही. सुरुवात कुठे होते? या असल्या कपांपासून. ज्या बापाने नवव्या वर्षी दाखला बदलला त्याने मुलाचा खेळही घालवला आणि दुसऱ्या एका खऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची जागाही घेतली. मला याचा फार त्रास होतो, स्पष्ट लिहितो.

इंदूर_ते_श्टुटगार्ट

तिलकनगरचा, आता बरीच वर्षं जर्मनीत. माझी दोन्ही मुलं इथल्या गावच्या क्लबात खेळतात म्हणून प्रत्यक्ष बघितलेलं लिहितो.

इथे 2024-25 च्या सीझनपासून नवीन पद्धत देशभर सक्तीची झाली. अंडर-7 पर्यंतची मुलं दोन-दोन किंवा तीन-तीन, चार छोटे गोल. अंडर-8 आणि 9 ची तीन-तीन ते पाच-पाच. अंडर-10 आणि 11 ची पाच-पाच ते सात-सात. लहानांना पॉइंट टेबल नाही, चॅम्पियन नाही. त्याऐवजी फेस्टिव्हल असतो. सकाळी सात-आठ गावांच्या टीम्स येतात, एका मोठ्या मैदानात छोटी छोटी मैदानं ओळीने आखलेली. दहा मिनिटांची मॅच, शिट्टी एकदमच सगळ्यांची. जिंकलेली टीम उजवीकडच्या मैदानात सरकते, हरलेली डावीकडच्या. तीन-चार फेऱ्यांत आपोआप बरोबरीच्या टीम्स समोरासमोर येतात. सुदामानगर भाऊ, तुमच्या मुलासारख्यांना यात जिंकायला भरपूर आहे, प्रत्येक दहा मिनिटांनी काहीतरी मिळवायचं किंवा गमवायचं असतं, फक्त 14-0 ने हरून कोणी घरी जात नाही. तीन-तीनमध्ये गोल झाला की दोन्ही टीमचा एकेक खेळाडू बदलतो, ठरलेल्या क्रमाने. त्यामुळे कोणाला बसवायचं हा निर्णयच कोचच्या हातात राहत नाही.

विरोध इथेही खूप झाला. मोठमोठ्या क्लबांचे लोक टीव्हीवर म्हणत होते की यामुळे मुलं मवाळ होतील. आमच्या गावातले आजोबा लोक अजून म्हणतात. पण मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दिसतं, आधी जी मुलं कोपऱ्यात उभी राहून गवत उपटायची ती आता घामाघूम असतात.

नॉर्वेत तर नुसत्या फुटबॉललाच नाही, सगळ्याच खेळांना नियम आहे, मूल अकराचं होईपर्यंत निकालाच्या याद्या, टेबल, रँकिंग काही नाही. पंचावन्न-छप्पन लाखांचा देश, आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्ण घेऊन सगळ्यात वर. फुटबॉलमध्ये गोलांसाठी जगभर गाजलेला हालांड तिकडचाच, ब्रुने नावाच्या छोट्या गावच्या क्लबात लहानपणी खेळलेला. मवाळ म्हणता येईल का त्याला?

सुदामानगर

फेस्टिव्हलची पद्धत आवडली, खरंच. आता शेवटचा प्रश्न. कप नाही तर मग मला बाप म्हणून कळणार कसं की मुलगा पुढे चाललाय? महिन्याला पैसे जातात, संध्याकाळी ट्रॅफिकमधून नेणं-आणणं होतं, काहीतरी दिसायला पाहिजे ना.

राजेंद्रनगरी

अगदी योग्य प्रश्न, आणि कोचने याचं उत्तर द्यायलाच पाहिजे, "भरोसा ठेवा" म्हणून चालत नाही.

मी प्रत्येक मुलाचं वहीत एक पान ठेवतो आणि दर तिमाहीला आई-वडिलांना दाखवतो. बॉल आल्यावर पहिल्या स्पर्शात तो पायाजवळ राहतो की तीन पावलं लांब जातो. दोन्ही पाय वापरतो का. बॉल यायच्या आधी एकदा तरी मान फिरवून बघतो का. समोर एक जण आला तर काय करतो, घाबरून उडवतो, मागे देतो, की अंगावर जाऊन काढायला बघतो. बॉल गेला तर उभा राहतो की मागे पळतो. आणि शेवटचं म्हणजे पुढच्या वेळेला स्वतःहून येतो का. यातलं बरंचसं तुम्ही टर्फच्या जाळीबाहेर उभं राहून स्वतः बघू शकता, फुटबॉल येत नसला तरी. मॅचमध्ये एकदा स्कोअर सोडून फक्त तुमच्या मुलाकडे बघा, त्याने बॉल मागितला किती वेळा, मिळाल्यावर काही करून बघितलं किती वेळा. फसलेलं पण मोजा, ते सगळ्यात महत्त्वाचं. आठ वर्षांचा मुलगा ड्रिबल करताना दहातून सात वेळा बॉल गमावत असेल तर तो शिकतोय, आणि एकदाही गमावत नसेल तर तो काही करूनच बघत नाहीये.

आई-वडिलांना माझी हात जोडून एवढी विनंती असते की मैदानाबाहेरून सूचना देऊ नका. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण "मार", "दे", "पीछे जा" नको. मुलाच्या पायात बॉल असतो, समोर एक जण आलेला असतो, आणि त्याच क्षणी त्याला पापांचं एक, कोचचं दुसरं आणि मित्राचं तिसरं ऐकू येतं, तो बिचारा डोळे मिटून लंबा मारतो. आणि घरी जाताना गाडीत मॅचचा विषय तुम्ही काढू नका. तो काढेल तेव्हा ऐका. त्याने पोहे-जलेबीचा विषय काढला तर छप्पन दुकानला गाडी वळवा.

कोच लोक इथे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, साहित्याला खर्च फार नाही. बॉल मात्र मापाचा घ्या. पाच नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो, तीन नंबरचा 300-320 ग्रॅमच्या आसपास. आठ वर्षांच्या पायाला पाच नंबर दिला की तो पायाच्या टोकानेच मारणार, आतल्या बाजूने पास शिकणारच नाही. कोन नसतील तर जुन्या चपला ठेवा.

श्टुटगार्टवाल्यांनी जे फेस्टिव्हल सांगितलं ते आपण इंदूरात करूया का? आमच्या कॉलनीच्या मैदानात सहा छोटी मैदानं आरामात बसतात. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार, सकाळी साडेसात ते दहा, ऊन चढायच्या आत. अंडर-8 आणि अंडर-10, प्रत्येक टीममध्ये चारच मुलं म्हणजे तीन खेळणार आणि गोल झाला की एक बदलणार. फायनल नाही, कप नाही. एन्ट्री फी पण नाही, शेवटी सगळ्यांना केळी आणि लिंबूपाणी.

आई_लोकमान्यनगर

आम्ही येतो. माझी आणि ती दुसरी मुलगी, दोघींना एकाच टीममध्ये घ्याल का वेगवेगळ्या?

राजेंद्रनगरी

त्यांनाच विचारा ताई, त्या म्हणतील तसं.

सुदामानगर

माझा मुलगा आणि सोसायटीतले तीन, एक टीम माझ्याकडून लिहून घ्या. लिंबूपाणी माझ्याकडे. आणि बाहेर दोरी बांधा एक, पालकांनी दोरीच्या मागे राहायचं, मी पण राहीन.

रावपुरा_बडोदा

झाल्यावर इथे सविस्तर लिहा, आम्हालाही दिवाळीनंतर बडोद्यात करायचंय. सहा मैदानांना शिट्टी एकच ठेवा आणि वेळ बघायला एक माणूस वेगळा, नाहीतर फेऱ्या घसरतात. टीम कुठल्या मैदानातून कुठे सरकणार ते मुलांना आधी एकदा चालत जाऊन दाखवा, लहान पोरं तिथेच गोंधळतात.

महूकर

मी दोन टीम्स आणतो, कँटोन्मेंटमधली पोरं आहेत, बुटाशिवाय खेळतात त्यातली काही, तर बाकीच्यांना स्टड घालू देऊ नका, साधे कॅनव्हास सांगा सगळ्यांना. बॉल तीन नंबरचेच ना?

राजेंद्रनगरी

काका, अंडर-8 ला तीन, अंडर-10 ला चार. हवा जरा कमी भरा, आपली काळी माती आता वाळून कडक झालीये, बॉल फार उसळतो. आणि बूट सगळ्यांना कॅनव्हासचेच, आत्ताच मेसेज टाकतो ग्रुपवर.